काचबिंदूचे थेंब: बाटली उघडण्यापासून पुढच्या तपासणीपर्यंत

काचबिंदूच्या पेशंटला "माझ्यासमोर एक थेंब घालून दाखवा" म्हटलं, की बऱ्याचदा थेंब गालावर ओघळतो, पापणीच्या केसांवर अडकतो, नाहीतर एकाच डोळ्यात तीन-तीन पडतात. वर्षानुवर्षं औषध घेणारी माणसंही यात असतात. मिरजेच्या ओपीडीत सातारा-सांगलीच्या गावागावांतून आलेल्यांना थेंब घालायला शिकवणं हे माझं रोजचं काम. चिठ्ठी बरोबर असते, औषध बरोबर असतं, पैसेही खर्च झालेले असतात, आणि तरी प्रेशर उतरलेलं नसतं. मग डॉक्टर दुसरी बाटली लिहून देतात आणि ती चूक दोन बाटल्यांनी होते. ती टाळण्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ऑपरेशन झालं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होते आणि गेलेली नजर थेंबांनी, लेसरने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. थेंब डोळ्यातलं प्रेशर उतरवतात, त्यामुळे उरलेली नजर टिकते. "दोन महिने घातले, काही फरक पडला नाही, म्हणून बंद केले," हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. नजर होती तिथेच राहिली, हाच या औषधाचा फरक.

डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं. पण तुमच्या डोळ्याला किती हवं, ते नस किती खराब झाली आहे त्यावर ठरतं. कुणाला १८ चालतं, कुणाला १२ च्या खालीच ठेवावं लागतं. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

## टप्पा १: चिठ्ठी समजल्याशिवाय दवाखाना सोडू नका

चार गोष्टी तोंडी विचारून घ्या: कोणत्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा, किती वाजता, आणि किती दिवस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "कायम" असंच येतं. ते कानावर पडू द्या. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला, असं काचबिंदूत नसतं.

चिठ्ठीवरच्या इंग्रजी अक्षरांवर भरवसा ठेवू नका. "बीडी" म्हणजे दोनदा आणि "एचएस" म्हणजे झोपताना, इतकं ठीक. "ओडी" मात्र घोटाळा करतं. इतर दवाखान्यांत त्याचा अर्थ दिवसातून एकदा असा होतो, डोळ्यांच्या चिठ्ठीवर तेच उजवा डोळा या अर्थानेही लिहितात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांचं औषध एकाच डोळ्यात महिनोन् महिने जाऊ शकतं. शेजारी मराठीत लिहून घ्या: "दोन्ही डोळे, रात्री ९."

"दिवसातून दोनदा" म्हणजे मध्ये साधारण बारा तास: सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. सकाळी ११ ला एक आणि दुपारी ४ ला एक घातला, तर रात्रभर डोळा औषधाशिवाय राहतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा:

- दमा, धाप, जुना खोकला. टिमोलोल नावाचा थेंब दमेकऱ्याला धोक्याचा ठरू शकतो. हळदीच्या वखारीत, गुऱ्हाळावर किंवा कारखान्यावर काम करणाऱ्यांनी "धुळीमुळे होतं, त्याचं काय" म्हणून धाप लपवू नये.
- हृदयाचे ठोके मंद असणं, हार्ट ब्लॉक (ठोक्यांचे विजेचे संकेत अडणं), बीपीच्या गोळ्या. कारण तेच, टिमोलोल.
- साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन. साखर एकदम उतरली की छातीत धडधडतं. टिमोलोलमुळे ही खूण दबू शकते.
- सल्फाच्या औषधाची ॲलर्जी, मुतखडा, किडनीचा त्रास. डोर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड हे थेंब आणि ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या देताना हे माहीत असावं लागतं.
- गरोदरपण किंवा अंगावर पाजणं.

इशारा: थेंब डोळ्यात घालायचा असला तरी नाकातून आणि घशातून तो रक्तात जातो. नवीन थेंब सुरू झाल्यावर धाप लागली, चक्कर आली किंवा नाडी फार मंद वाटली, तर पुढचा थेंब घालण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

तपासून पाहा: घरी आल्यावर चिठ्ठी न बघता घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा, कोणती बाटली, कोणता डोळा, किती वाजता. अडखळलात तर परत विचारायला लाजू नका.

## टप्पा २: बाटली घेणं, उघडणं, ठेवणं

मेडिकलमध्ये खोका हातात घेऊन औषधाचं मूळ नाव आणि टक्केवारी चिठ्ठीशी ताडून पाहा. कंपनी बदलली तरी चालतं. जनऔषधी केंद्रातही यातले बरेच थेंब स्वस्तात मिळतात. फक्त नाव आणि टक्का तोच हवा, आणि बदल केला असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. रंगावर जाऊ नका. "निळ्या टोपणाची बाटली" ही ओळख कंपनी बदलली की बदलते.

आता उघडणं. चुका इथून सुरू होतात. बऱ्याच नव्या बाटल्यांच्या टोकाला छिद्रच नसतं. छिद्र पाडायची टोकदार काडी टोपणाच्या आतच बसवलेली असते. टोपणाखालची कडी असेल तर ती काढा, टोपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट आत फिरवा, मग उलटं फिरवून उघडा. छिद्र पडलेलं असतं.

लोक काय करतात? टाचणी टोचतात, स्वेटरची सुई तापवून घालतात, ब्लेडने टोक कापतात. छिद्र मोठं होतं, एका दाबात दोन-तीन थेंब पडतात, बाटली अर्ध्या महिन्यात संपते आणि सुईवरची घाण औषधात जाते. टोक कापलेली बाटली असेल तर ती टाकून नवीन आणा.

उघडली त्याच दिवशी बाटलीवर बॉलपेनने तारीख घाला. बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल, तर उघडल्यापासून महिन्याने ती टाकायची, औषध उरलेलं असलं तरी. छापलेली एक्स्पायरी बंद बाटलीची असते.

थेंबांचा हिशोबही करून ठेवा. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक, म्हणजे महिन्याला ६०. वीस थेंब सांडायला उरतात. तुमची बाटली विसाव्या दिवशी संपत असेल, तर एकतर तुम्ही एका वेळी दोन घालताय किंवा बरेच थेंब बाहेर पडतायत. उलट, दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकतायत. ओपीडीत मी हा हिशोब नेहमी करते, आणि माणसाने काही न सांगताही बरंच कळतं.

नवी बाटली आठवडाभर आधी आणून ठेवा. जत, आटपाडी किंवा दहिवडीकडच्या लहान गावात हवं ते औषध त्याच दिवशी मिळेल याचा नेम नसतो.

ठेवायचं कुठे: लॅटानोप्रॉस्ट या काचबिंदूच्या थेंबाच्या बऱ्याच बाटल्या उघडण्याआधी फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उघडल्यावर त्या २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात २५ अंश असतात कुठे? त्यामुळे उन्हाळ्यात फ्रीजच्या दारातच ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाला चिकटून नको. काही कंपन्यांच्या लॅटानोप्रॉस्टला फ्रीज लागतही नाही, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. इतर थेंब सहसा थंड, सावलीच्या जागी चालतात. कुठलीही बाटली मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेजवळ, टीव्हीवर किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका.

इशारा: डोळ्याच्या थेंबांचा डबा वेगळा ठेवा. कानाचे थेंब, कुरुपाचं औषध आणि चिकटवायच्या गमच्या बाटल्या आकाराने तशाच असतात, आणि रात्री दिवा न लावता हात घातला की चुकीची बाटली डोळ्यात जाते. तसं झालंच तर डोळा स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि थेट दवाखाना गाठा.

## टप्पा ३: एकाहून जास्त बाटल्या असतील तर क्रम ठरवा

दोन थेंबांमध्ये कमीत कमी पाच मिनिटं जाऊ द्या. डोळ्याच्या पापणीत एका थेंबाइतकीही जागा जेमतेम असते. लगोलग दुसरा घातला, तर तो पहिल्याला बाहेर ढकलतो आणि दोन्ही वाया जातात. एकाच औषधाचे दोन थेंब घालून "जास्त" परिणाम न होण्याचं कारणही हेच. एक थेंब नेमका पडला की काम झालं.

साधा नियम असा: आधी पाण्यासारखे पातळ थेंब, मग हलवून घालायचे (ब्रिन्झोलामाइड दुधाळ असतं, ते हलवावंच लागतं), मग जेल, आणि मलम सगळ्यात शेवटी. जेल किंवा मलमाआधी दहा मिनिटं थांबा. आधी मलम लावलं तर त्यावरून थेंब घसरून जातो. डॉक्टरांनी वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळा.

बाटल्यांना खूण करा. सकाळ-संध्याकाळच्या बाटलीला दोन रबरबँड, फक्त रात्रीच्या बाटलीला एक. वाचता न येणाऱ्यांना आणि नजर अंधूक झालेल्यांना हे हाताने कळतं.

वेळापत्रक असं बसवता येतं:

- सकाळी ७: दोन रबरबँडची बाटली, दोन्ही डोळे.
- संध्याकाळी ७: तीच बाटली.
- रात्री ९: एक रबरबँडची बाटली.

तीन-चार बाटल्या झाल्या आणि सांभाळणं जड जात असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन औषधं एकत्र असलेले थेंब मिळतात. "सगळं घालतो" असं सांगून निम्मं सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

## टप्पा ४: थेंब डोळ्यात नेमका टाकणं

पहिले काही दिवस आरशासमोर, दिवसाच्या उजेडात करा. अंघोळ, तोंड धुणं आधी उरकून घ्या.

१. साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. शेतातून, गोठ्यातून किंवा तिखट-मसाल्याच्या कामातून उठून तसेच थेंब घालू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. ती पंधरा मिनिटांनी परत घालता येते.

२. बसा किंवा आडवे व्हा. उभ्याने घालू नका. खुर्चीत बसून डोकं मागे भिंतीला टेका म्हणजे मान हलत नाही. चेहरा छताकडे आला पाहिजे. हनुवटी नुसती थोडीशी वर केली तर थेंब गालाकडे पळतो.

३. बाटली हलवायची असेल तर आत्ता हलवा. टोपण काढून स्वच्छ जागी आडवं ठेवा, पालथं घालू नका.

४. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हळूच खाली ओढा. डोळा आणि पापणी यांमध्ये एक खळगा तयार होतो. थेंब तिथे टाकायचा. बुबुळावर पडला तर जास्त चुरचुरतं आणि डोळा आपोआप मिटतो.

५. दुसऱ्या हाताने बाटली उभी उलटी धरा. टोक डोळ्यापासून एक-दोन सेंटीमीटर वर. ते पापणीला, केसांना, बोटाला, कशालाही टेकवायचं नाही. एकदा टेकलं की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि महिनाभर तेच परत डोळ्यात.

६. नजर वर, भिंत आणि छत मिळतात तिथे. बाटलीकडे बघाल तर घाबरून डोळा मिटेल.

७. बाटली एकदाच, हलक्या हाताने दाबा. एक थेंब. डोळ्यात थंड लागलं की पडला. फ्रीजमधली बाटली असेल तर हे फार छान कळतं, शंका राहत नाही. पडला नाही असं नक्की वाटलं तरच दुसरा टाका.

नेहमीच्या चुका: डोळा मिटून जोरात आवळणं, भराभर पापण्या मिचकावणं, थेंब पडल्या पडल्या रुमालाने डोळा चोळणं. तिन्हींनी औषध बाहेर पडतं. आपल्याकडे थेंब घातल्यावर "आग झाली" म्हणून पाण्याने डोळा धुवायचीही सवय आहे. थोडी चुरचुर काही थेंबांनी होतेच, डोर्झोलामाइडने विशेष. ती मिनिटभरात जाते. धुतलं की औषधही गेलं.

## टप्पा ५: नंतरची दोन मिनिटं

डोळा झोपल्यासारखा हलका मिटा. तर्जनीने नाकाकडच्या कोपऱ्यात, डोळा आणि नाकाचं हाड मिळतं तिथे, हळू पण पक्कं दाबून धरा. दोन मिनिटं. दोन्ही डोळ्यांत घातलं असेल तर अंगठा आणि तर्जनीने दोन्ही कोपरे एकदम धरा.

या कोपऱ्यात अश्रू नाकात नेणारी बारीक नळी असते. ती दाबली की औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं आणि नाकातून रक्तात कमी जातं. टिमोलोल घेणाऱ्या वयस्क माणसांनी हा टप्पा कधीही गाळू नये. घशात कडू चव येत असेल तर समजा, कोपरा नीट दाबला गेला नाही.

बाहेर ओघळलेलं औषध स्वच्छ कापसाने किंवा धुतलेल्या रुमालाने टिपा. लॅटानोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट यांनी पापणीभोवतीची कातडी काळवंडते आणि पापणीचे केस लांब, दाट होतात. दोन मिनिटं झाल्यावर पापणीबाहेरची कातडी ओल्या कापसाने पुसली तर काळेपणा कमी राहतो.

तपासून पाहा: गाल कोरडा आहे? बाटलीचं टोक कशाला लागलं नाही? टोपण घट्ट बसलं? मग कॅलेंडरच्या आजच्या चौकटीत खूण करा.

## टप्पा ६: हात थरथरत असेल, किंवा घरात कुणी नसेल

मुलं पुण्या-मुंबईला आणि आई-वडील गावाला, अशी घरं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती आहेत ते सांगायला नको. एकट्या माणसाला थेंब घालता येतो, थोडी युक्ती लागते.

उशी न घेता उताणे झोपा. डोळा मिटा. नाकाकडच्या कोपऱ्यावर, मिटलेल्या पापणीवर, एक थेंब टाका. मग डोकं न हलवता डोळा उघडा आणि दोन-तीनदा हळू उघडझाप करा, औषध आपोआप आत जातं. नंतर मिटून कोपरा दाबा. यासाठी चेहरा आधी धुतलेला हवा. थोडं औषध वाया जातं, पण थेंब अजिबात न पडण्यापेक्षा हे चांगलं.

दुसरी पद्धत: बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेका. हात स्थिर राहतो. संधिवाताने बोटं वळत नसतील आणि कडक बाटली दाबत नसेल तर डॉक्टरांना सांगा. काही कंपन्यांची बाटली मऊ असते.

घरातलं कुणी घालून देत असेल तर काम एकाच माणसाचं ठरवा. "सुनेने घातले असतील" आणि "आत्यांनी घातले असतील" यात संध्याकाळ तशीच निघून जाते. नातवाने घातले तरी चालतं, हात धुतलेले असावेत आणि थेंब एकच असावा.

## टप्पा ७: रोजच्या दिवसात बसवणं

थेंब एखाद्या रोजच्या कामाला बांधा: सकाळचा चहाआधी, संध्याकाळचा दिवाबत्तीला, रात्रीचा जेवण झाल्यावर, अंथरुणाला टेकण्याआधी. अंथरुणात पडून घालू म्हणणाऱ्यांना झोप लागते.

शेतीला रात्रीची वीज असते तेव्हा पाणी पाजायला जाणाऱ्यांची वेळ बिघडते. अशांनी रात्रीचा थेंब घरातून निघायच्या आधी घालावा. वेळ तास-दीड तास इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, परत येऊन घालू म्हटलं की राहतो.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार: थेंबाने उपवास मोडत नाही. ज्यांना मनात शंका येते त्यांनी फराळाआधी घालून मोकळं व्हावं, पण घालावा.

वारीला जाणाऱ्यांनी, लोणंद-फलटणच्या टप्प्यातच सामील होणार असलात तरी, दोन बाटल्या घ्याव्यात, एक स्वतःजवळ आणि एक सोबतच्या माणसाच्या पिशवीत. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा, ऊन लागत नाही. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, आजार तोच असला तरीही.

थेंब चुकला तर: दिवसातून दोनदाचा असेल तर आठवल्यावर लगेच घाला. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर सोडून द्या. रात्रीचा एकदाचा चुकला तर दुसऱ्या रात्री नेहमीच्या वेळेला घाला. भरपाई म्हणून दोन घालू नका. लॅटानोप्रॉस्ट दिवसात एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर उलट त्याचा परिणाम कमी होतो.

## टप्पा ८: राहणीत काय सांभाळायचं

पाणी. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय खूप घरांत आहे. एकदम लिटरभर पाणी प्यायल्याने डोळ्यातलं प्रेशर काही वेळ चढतं. पाणी कमी करू नका, थोडं थोडं करून प्या.

योगासनं आणि व्यायाम. शीर्षासन बंद. त्यात प्रेशर खूप चढतं. सर्वांगासन आणि डोकं खाली जाणारी इतर आसनंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तालमीत किंवा जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलू नका. चालणं चांगलं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर, सांगलीत कृष्णेच्या घाटाकडे सकाळी फिरायला जात असाल तर चालू ठेवा.

स्टेरॉइड. याबद्दल मी जरा कडक बोलते. डोळे आले, खाज सुटली, उसाच्या पाल्याने किंवा द्राक्षबागेतल्या फवारणीने चुरचुरलं, की मेडिकलमधून "लाल डोळ्याचे थेंब" आणले जातात. त्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असू शकतं. लालपणा दोन दिवसांत जातो म्हणून माणूस खूश होतो आणि पुन्हा पुन्हा आणतो. या औषधांनी प्रेशर चढतं, कित्येकदा दुखल्याशिवाय. धडधाकट डोळ्यातही त्यांनी काचबिंदू होऊ शकतो, आणि खाजेचा त्रास असलेली शाळकरी मुलंही यात सापडतात. चिठ्ठीशिवाय कुठलाही डोळ्याचा थेंब आणू नका. दम्याचा पंप, सांधेदुखीच्या गोळ्या, चेहऱ्याचं क्रीम यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. ते आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

सर्दीच्या गोळ्या. तुमचा काचबिंदू उघड्या कोनाचा की बंद कोनाचा, हे डॉक्टरांना विचारून ठेवा (कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर वाहून जाण्याची जागा). कोन अरुंद असेल आणि लेसर झालेलं नसेल, तर सर्दी, प्रवासातली उलटी, पोटातली कळ यांच्या काही गोळ्यांनी अचानक प्रेशर चढू शकतं.

घरगुती उपाय. मध, गुलाबपाणी, तूप, कांद्याचा रस, जत्रेतलं काजळ: डोळ्यात यातलं काही घालू नका. थेंब बंद करून हे सुरू करणारी माणसं नजर घालवून येतात, आणि ती परत आणण्याचा रस्ता कुणाकडे नसतो.

## टप्पा ९: कधी थांबायचं, कधी पळायचं

थोडा लालपणा, क्षणभर चुरचुर, पापणीचे लांब केस: पुढच्या तपासणीला सांगा, थेंब चालू ठेवा.

पापण्या सुजल्या, खाज वाढतच चालली, डोळ्यांतून घाण येते, ब्रिमोनिडाइन या थेंबाने दिवसभर गुंगी आणि तोंड कोरडं पडतं: दोन-तीन दिवसांत दाखवा. औषध बदलता येतं, पर्याय आहेत.

तातडीचं: डोळ्यात आणि त्याच बाजूच्या डोक्यात असह्य ठणका, डोळा लालबुंद, दिव्याभोवती रंगीत कडी, नजर धुरकट आणि सोबत मळमळ-उलटी. याला पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी पडून राहिलात तर काही तासांत नस कायमची बिघडू शकते. रात्र असली तरी निघा. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा डोळ्यांचा दवाखाना, जे आधी गाठता येईल ते. नजर अचानक कमी झाली किंवा काचबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दुखून लाल झाला, तरीही त्याच दिवशी.

## टप्पा १०: तपासणीचा दिवस

पहिली चूक: "आज तपासायचंच आहे" म्हणून सकाळचा थेंब न घालता येणं. नेहमीप्रमाणे घाला आणि किती वाजता घातला ते सांगा. दुसरी चूक याच्या उलट: महिनाभर बंद ठेवून तपासणीआधी चार दिवस मनापासून घालणं. आकडा छान येतो, डॉक्टर औषध तेच ठेवतात, आणि मधल्या महिन्यांत नस झिजत राहते. चुकले असतील तर चुकले म्हणा. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही, उपाय ठरवण्यासाठी विचारतो.

चालू बाटल्या, जुने रिपोर्ट, इतर सगळ्या गोळ्या सोबत आणा. प्रत्येक फील्ड टेस्टचा (नजरेचा घेर तपासणाऱ्या टेस्टचा) कागद जपा, कारण बदल कळतो तो जुन्या कागदाशेजारी नवा ठेवल्यावर.

फील्ड टेस्टची बऱ्याच जणांना धास्ती असते. मशीनमध्ये हनुवटी टेकून समोरच्या एका खुणेकडेच बघायचं, आजूबाजूला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. ठिपके शोधायला नजर फिरवली की टेस्ट बिघडते. बरेच ठिपके दिसणारच नाहीत, कारण मशीन मुद्दाम इतका मंद उजेड दाखवतं की जेमतेम दिसावा. म्हणून "मी नापास झालो" समजून भराभर बटण दाबू नका. मध्येच थकलात तर करणाऱ्याला सांगा, थांबवता येतं. पहिली टेस्ट बऱ्याचदा नीट येत नाही आणि पुन्हा करावी लागते. रात्रभर एसटीचा प्रवास करून, उपाशीपोटी येऊन ही टेस्ट देऊ नका.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. त्या दिवशी स्वतः मोटरसायकल चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या.

पुढची तारीख दवाखाना सोडण्याआधी घ्या. किती महिन्यांनी यायचं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. "त्रास झाला तर येतो" हे इथे चालत नाही, कारण जास्त प्रमाणात आढळणाऱ्या उघड्या कोनाच्या काचबिंदूत त्रास होतच नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं.

## टप्पा ११: भावंडं आणि मुलं

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला तरुणपणी झाला असेल तर त्याआधीच, सगळ्यांनी तपासून घ्यावं.

गावातल्या शिबिरात चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू बघितला जातो, तेवढ्यावर निभावून नेऊ नका. दवाखान्यात गेल्यावर "आमच्या घरात काचबिंदू आहे, प्रेशर मोजा आणि डोळ्याची नस बघा" असं स्पष्ट म्हणा. नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, कारण काहींचं प्रेशर २१ च्या आत असूनही नस खराब होत असते. तपासणीला येणाऱ्या पेशंटने सोबतीला भाऊ किंवा बहीण आणली, तर त्यांचीही तपासणी त्याच फेरीत होऊन जाते.